हिरड्याखालची रेंज

नकाशावर हिरडेवाडी हिरवीगार होती, आणि ते बघून तेजल ढेबेला भर कचेरीत हसू फुटलं.

अख्ख्या खोऱ्यात इतका गडद हिरवा ठिपका दुसरा नव्हता. कोयनेच्या पाण्यापलीकडं, जिथं एसटी जात नाही आणि लाँच मनात आलं तर जाते, तिथं डोंगराच्या खांद्यावर वसलेली ही पंचवीस-तीस घरांची वाडी. आणि नकाशा सांगत होता, की तिथलं मोबाईलचं नेटवर्क पुण्याच्या डेक्कनपेक्षा सरस आहे.

"काय झालं?" पलीकडच्या टेबलावरून खासनीसांनी विचारलं. खासनीस तिचे वरिष्ठ. माणूस सज्जन, पण कामाची तारीख जवळ आली की त्यांना देवही दिसत नसे.

"साहेब, हे माझं सासर आहे. लग्नानंतर आठ दिवस राहिले मी तिथं. परसात फिरले, माळ्यावर चढले, गोठ्याच्या कौलांवर बसूनसुद्धा झालं. फोनवर रेंजची एक काडी उमटली असेल तर शपथ."

"दोन वर्षं झाली त्याला. सुधारलं असेल."

"टॉवर तोच, डोंगर तोच. सुधारणार काय?"

खासनीसांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, आता तू सासर म्हणालीस, म्हणजे तुझं म्हणणं मला दुप्पट जपून ऐकायला हवं. उद्या कुणी म्हणेल, बाईनं सासरच्या माणसांसाठी नकाशा फिरवला."

तेही खोटं नव्हतं.

पूर्वी नेटवर्कची चाचणी म्हणजे जीप असे. टपावर अँटेना, मांडीवर लॅपटॉप आणि कंबरेचा भुगा. रस्त्यानं जात जात दर काही अंतरावर लहरींची ताकद मोजायची आणि नकाशात रंग भरायचा. तेजलनं नोकरीची पहिली वर्षं अशीच हाडं खिळखिळी करून घालवली होती. पण जीप जाते रस्त्यानं, आणि डोंगरातली माणसं राहतात रस्ता संपल्यावर. मग नव्या पिढीचं नेटवर्क आलं आणि त्याच्याबरोबर स्वयंनकाशा आला. आता प्रत्येकाचा फोन स्वतःच अधूनमधून कळवत असे, की मी इथं आहे आणि इथं लहरी इतक्या जोरात पोचताहेत. लाखो फोनांच्या या कुजबुजीतून एक यंत्रबुद्धी नकाशा विणत बसे. जिथून काहीच बातमी येत नसे, ती जागा ती आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजानं भरून काढी. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! बहुतेक ठिकाणी ती परीक्षा अचूक ठरे. शहरातली माणसं फोन घेऊन इतकी भिरभिरत असतात, की रिकामी जागा उरतेच कुठं?

हा नकाशा नुसता भिंतीवर लावायचा असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण सरकारनं आता त्याच्यावरच सगळी मांडणी केली होती. लाल, म्हणजे रेंज नसलेल्या, वाडीला आरसा मिळणार होता. आरसा म्हणजे डोंगराच्या कड्यावर बसवायचा, दाराएवढा एक पातळ पत्रा. त्याच्या अंगावर हजारो बारीक चौकोन, आणि प्रत्येक चौकोन थोड्याशा उन्हाच्या विजेवर स्वतःला असा वळवून घेई, की टॉवरकडून आलेल्या लहरी डोंगराला वळसा घालून बरोबर वाडीवर उतरत. आरसा बसेपर्यंत लाल वाडीतली नर्स तिथंच राहणार होती. हिरव्या वाडीला मात्र आरशाची गरज नाही आणि नर्सचीही नाही. तिथं दूरवैद्य योजना लागू. आजाऱ्याच्या छातीवर एक पट्टी चिकटवायची, पट्टी फोनला सांगणार, फोन साताऱ्याच्या डॉक्टरांना सांगणार.

हिरडेवाडीत अशी पट्टी एकाच माणसाच्या छातीवर होती. ते माणूस म्हणजे ठमाबाई ढेबे, तेजलची सासू. वर्षभरापूर्वी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा ती लागली, आणि तेव्हापासून वाडीच्या उपकेंद्रातल्या मुलाणी सिस्टर सकाळ-संध्याकाळ घरी जाऊन त्यांना बघत. तेजलचा नवरा सोपान चाकणला कारखान्यात होता. आईला पुण्याला आणायचं त्यानं शंभर वेळा काढलं, आणि शंभर वेळा तिनं एकच सांगितलं, की म्हशी काय फ्लॅटात बांधायच्या का? घरात रेंज नसताना नर्स गेली, तर ठमाबाई घरात पडल्या तरी कुणाला कळणार नव्हतं. तेजलनं तो हिरवा ठिपका पुन्हा मोठा करून बघितला, आता न हसता.

"शुक्रवारी नकाशा गोठतोय," खासनीस म्हणाले. "मग पुढची मोजणी कधी, ते वरच्यांना ठाऊक. जाऊन ये. पण मला पटून उपयोग नाही, नकाशाला पटलं पाहिजे."

लाँचमधून उतरून चढ चढताना तेजलनं हातातलं मापनयंत्र चालूच ठेवलं होतं. पाण्याच्या काठी आकडा बरा होता. झाडीत शिरल्यावर तो ढेपाळला आणि पहिल्या वळणानंतर शून्यावर जाऊन बसला. नव्या पिढीच्या लहरी आखूड. त्या भरभरून माहिती वाहतात, पण ओल्या पानांनासुद्धा अडतात, मग डोंगराची काय कथा. वाडीच्या वेशीवर, देवळापाशी, उपकेंद्राच्या पायरीवर, सगळीकडं शून्य.

वाडीच्या वरच्या अंगाला एक उघडा कातळ होता आणि त्यावर एक जुना हिरडा. तेजल तिथं पोचली आणि यंत्राचा आकडा उडी मारून वर गेला. समोरच्या दोन डोंगरांच्या मधोमध एक खिंड होती, आणि पलीकडच्या तीरावरच्या टॉवरच्या लहरींचा एक पट्टा त्या खिंडीतून नेमका या कातळावर पडत होता. कौलाच्या फटीतून कवडसा पडावा तसा. चार पावलं इकडं सरकलं की पुन्हा अंधार.

हिरड्याच्या फांद्यांना रंगीबेरंगी बटवे लटकत होते. प्रत्येकात एकेक फोन. बुंध्याशी सौर पत्रा, त्यावरून चार्जिंगच्या वायरी, आणि खाली घोंगडीवर पाय पसरून बसलेल्या ठमाबाई. एक बटवा वाजला. त्यांनी न बघताच तो कुणाचा ते ओळखलं, उठून दरीकडं तोंड केलं आणि हाळी दिली, "ओ रखमेऽऽ, तुझ्या लेकीचा फोऽऽन!" खालून कुणीतरी ओ दिली आणि एक बाई पदर खोचून कातळाकडं धावत निघाली. तोवर ठमाबाई फोन कानाला लावून तिच्या लेकीची खुशाली विचारत होत्या.

तेजल लग्नानंतर राहून गेली, त्यानंतर वाडीचा हा रिवाजच झाला होता. फोन हिरड्याला, माणूस घरी, आणि मधे ठमाबाईंची हाळी. कुणाच्या लेकीला दिवस गेले, कुणाच्या पोराचं लग्न ठरलं, हे त्या घराच्या आधी त्यांना कळायचं. त्या वाडीच्या सरपंच नव्हत्या, पण सरपंच त्यांना विचारल्याशिवाय पान हलवत नसे.

"आलीस व्हय गं?" सुनेला बघून त्यांचा चेहरा उजळला. "लई वाळलीस. पुण्यात जेवान गावत न्हाय का?"

"आत्या, तुम्ही कशा आहात?" सासूला आत्या म्हणायची त्या डोंगरात रीतच आहे.

"मी कशी? साताऱ्याच्या डाक्टरीनबाईला इचार. रोज निरोप धाडती, आजी, काळीज घोड्यावानी ठणठणीत हाय." त्यांनी लुगड्यावरून छातीवरची पट्टी थोपटली. "अन् वाडी हिरवी झाली म्हनं नकाशावर! कळलं मला. ती समदी माजी करामत हाय, सांग तुज्या सायबाला."

"करामत म्हणजे?"

ठमाबाईंनी पुढं सरकून आवाज खाली आणला, जणू दरीपलीकडं कुणी ऐकत होतं. "तुजा नवरा चवथीला व्हता तवाची गोष्ट. पोरं कमी म्हनून शाळा बंद करायला सायेब यायचा व्हता. मी पल्याडच्या वाडीत गेले, धा-बारा पोरं गोळा केली, न्हाऊमाखू घातली आन् आमच्या पोरांत बसवली. सायबानं डोकी मोजली, चहा पिऊन गेला, शाळा ऱ्हायली. मोजनारा आला की दावायचं असतं गं. दडवलं की गेलं. मंग ह्यो नकाशा फोन मोजतो म्हनल्यावर मी समद्यास्नी बजावलं, एकबी फोन घरात ठिवायचा न्हाय. समदं फोन हितं, रेंजमदी. जितकं फोन दिसतील, तितका टावर लवकर यील."

तेजल मटकन घोंगडीवर बसली. आता सगळं लख्ख कळलं होतं. नकाशाला वाटत होतं, की वाडीतले सगळे फोन म्हणजे सगळी वाडी. आणि सगळे फोन तर या एका कवडशात लटकत होते. घरातून, गोठ्यातून, पाणवठ्यावरून एकही आकडा कधी गेला नव्हता, म्हणून यंत्रानं कातळावरचं शीत बघून अख्ख्या हंड्याचा भात शिजला असं ठरवलं होतं.

इतक्यात मुलाणी सिस्टर चढ चढून आल्या. शबाना मुलाणी, पन्नाशीच्या, डोंगर चढून चढून काटक झालेल्या. "बरं झालं तू आलीस," त्या तेजलला म्हणाल्या. "माझी बदली आलीये. सोमवारपासून खालच्या दवाखान्यात. वाडी हिरवी झाली म्हणे, आता डॉक्टर फोनवर बघतील."

ठमाबाईंचं हसू मावळलं. "म्हंजे? टावर यायच्या आदीच सिस्टर जानार?"

तेजलनं दुपारभर घराघरांत जाऊन मापं घेतली आणि कातळावर येऊन नकाशाला पाठवली. उत्तर लगेच आलं. 'विसंगत नोंद. परिसरातील बहुसंख्य फोनांशी जुळत नाही. वगळली.' तिनं पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. पन्नास फोन म्हणत होते रेंज झकास आहे, आणि एकटी तेजल म्हणत होती नाही. यंत्र बिचारं लोकशाहीवादी होतं.

तिला यंत्राचा राग आला नाही. यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं, की फोन घरी जात नाहीत. उपाय एकच होता. रेंज नसली तरी फोन मापं घेणं सोडत नाही. तो ती पोटात साठवतो आणि रेंजमध्ये आला की ओकतो. म्हणजे सगळ्यांनी आपापला फोन एक दिवस आणि एक रात्र अंगावर बाळगायचा, जिथं जाऊ तिथं न्यायचा, आणि दुसऱ्या सकाळी कातळावर परत आणायचा. मग पन्नास फोनच बोलले असते, आणि पन्नास फोनांचं यंत्राला ऐकावं लागलं असतं.

संध्याकाळी म्हशी परतल्यावर वाडी हिरड्याखाली जमली. तेजलनं सोप्या शब्दांत सगळं सांगितलं.

"एक दिस फोन घरी न्यायाचा?" बाबू आखाडे म्हणाले. ते वाडीतले जाणते, त्यांचा शब्द मोडत नसत. "म्हंजे एक दिस फोन मारायचा. नातवाच्या भरतीचा निकाल यायचाय माज्या. त्यो आला अन् कुनी उचलला न्हाय तर?"

"निकाल दुसऱ्या दिवशीही कळेल, आबा. नर्स गेली तर दुसऱ्या दिवशी परत येणार नाही."

कुजबुज झाली. बाबू आखाड्यांनी काठी आपटली. "म्हंजे फोन गोळा करायची युक्तीच उलटी पडली म्हन की. कुनाची व्हती ती युक्ती?"

कुणाची होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी ठमाबाईंकडं बघितलं आणि मग तेजलकडं. गुळमुळीत बोलून वेळ मारून नेता आली असती. यंत्राचं चुकलं, सरकारचं चुकलं, कंपनीचं चुकलं, असं काहीही चाललं असतं. पण मग उद्या एकाही घरानं फोन खाली उतरवला नसता, हे तिला कळत होतं.

"आत्यांची," ती म्हणाली. "माणूस मोजायला येतो तेव्हा त्यांची युक्ती बरोबर असते, शाळा तशीच वाचली. हे यंत्र माणूस नाही. ते फोन मोजत नाही, फोन कुठं आहे ते मोजतं. सगळे फोन रेंजमध्ये ठेवले म्हणून त्याला वाटलं, वाडीला रेंज आहे."

ठमाबाई उठल्या. घोंगडी झटकली, घडी केली. "म्हंजे सिस्टरला मीच घालवली," एवढंच म्हणाल्या आणि कुणाकडं न बघता घराकडं चालू लागल्या.

घरी त्यांनी भाकरी थापली, ताट वाढलं आणि पाठ करून चुलीशी बसल्या. तेजल भाकरीचा तुकडा नुसता चिवडत राहिली. या बाईनं तिला सून म्हणून आणली तेव्हा वाडीला सांगितलं होतं, की माझी सून जीप घेऊन डोंगर मोजते. त्या अभिमानाची आज आपण भर सभेत माती केली, असं तिला वाटत राहिलं.

"आत्या, रागावलात?"

"रागावू न्हाय तर काय आरती ववाळू? चारचौघांत बोललीस."

"चारचौघांना पटावं म्हणूनच बोलले."

ठमाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "झोप," त्या म्हणाल्या. "सकाळी उठायचंय."

सकाळी तेजल कातळावर पोचली तेव्हा बाबू आखाडे आणि अर्धी वाडी आधीच तिथं उभी होती, आणि कुणीच हात पुढं करत नव्हतं. ठमाबाई गर्दीतून आल्या. हिरड्याच्या सर्वांत खालच्या फांदीवर त्यांचा स्वतःचा बटवा होता, हिरव्या खणाचा. त्यांनी तो काढून कंबरेला खोवला.

"बगताय काय?" त्या कडाडल्या. "शाळंच्या टायमाला माजं ऐकलंत. आता सुनंचं ऐका. ज्याचा फोन हितं लटकल, त्याच्या घरी मी हळदीकुंकवाला जानार न्हाय."

त्यानंतर झाड रिकामं व्हायला वेळ लागला नाही.

तो दिवस हिरडेवाडी बरेच दिवस विसरणार नव्हती. घरी आलेला फोन मुका होता, तरी लोक त्याच्याभोवती नव्या जावयाभोवती बसावं तसे बसून राहिले. रखमानं फोन पाण्याला जाताना नेला, सरपण आणताना नेला आणि देवाला जातानाही नेला. बाबू आखाड्यांनी आपला फोन गोठ्यात नेला आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, बटव्यासकट म्हशीच्या गळ्यात बांधून तिला रानात सोडलं. "रानातबी मानसं जात्यात," ते तेजलला म्हणाले, "तितलंबी मोजू दे त्याला." तेजलनं म्हशीला मनोमन नोकरीवर घेतलं. रानातला इतका सरळ नकाशा जीपनं जन्मात काढला नसता.

ठमाबाईंना मात्र चैन पडेना. त्या दोनदा सवयीनं कातळावर गेल्या, रिकाम्या झाडाखाली बसल्या आणि उठून आल्या. मग घरोघर फिरल्या. जिची खबर आजवर तिच्या लेकीच्या फोनवरून घेतली, तिची तिच्याच ओट्यावर बसून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच उठून त्यांनी चार म्हशींची धार काढली, दोन घागरी डोक्यावर घेऊन झऱ्यावरून पाणी आणलं आणि पदरानं घाम टिपत कातळाकडं निघाल्या. बटवा कंबरेलाच होता.

उन्हं वर आली तशी वाडी हिरड्याखाली गोळा झाली. एकेक फोन कवडशात आला आणि थरथरला. कालपासून पोटात साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडत होतं. न लागलेल्या कॉलच्या सूचना टणाटण वाजत होत्या. त्यात बाबू आखाड्यांच्या नातवाचा निरोपही होता. निवड झाली होती, आणि आजोबांनी फोन उचलला नाही म्हणून तो रुसला होता.

तेजलनं नकाशा उघडून धरला. सगळ्यांनी माना वाकवल्या. हिरडेवाडीचा हिरवा ठिपका आधी पोपटी झाला, मग पिवळा, मग नारिंगी. थोडा वेळ तिथंच थांबला. मग ठिपका कडेनं लाल होत गेला आणि मधे फक्त हिरड्याएवढं हिरवं टिंब उरलं.

"लाल झालो!" बाबू आखाडे ओरडले. "नापास झालो रं!" आणि वाडीनं नापास झाल्याचा गूळ वाटला. मुलाणी सिस्टर डोळे पुसत हसत होत्या.

खासनीसांचा फोन आला. "बघितलं मी. पण तेजल, ही एकच वाडी झाली. सासरचा संशय उरतोच."

"साहेब, नकाशाला एक प्रश्न विचारा. जे फोन दिवसचे दिवस एकाच जागेवर आहेत, तसूभरही हलत नाहीत, आणि तिथं रेंज उत्तम आहे, असे फोन कुठं कुठं आहेत ते दाखव म्हणा. माणूस हलतो. न हलणारा फोन माणसाजवळ नसतो."

पलीकडं बोटांची टकटक ऐकू आली. तेजलच्या हातातल्या पडद्यावर एकेक टिंब पेटत होतं. कोयनेच्या दोन्ही तीरांवर, वर महाबळेश्वराच्या पाठीमागं, खाली कोकणाच्या कड्याकड्यानं. प्रत्येक टिंब म्हणजे एखादं झाड होतं, नाहीतर देवळाचा कळस, नाहीतर कुणाच्या घराची एकुलती एक खिडकी. जिथं रेंजची टंचाई सर्वांत जास्त, तिथंच लोकांनी फोन सर्वांत जपून रेंजमध्ये टांगले होते, आणि म्हणून तीच गावं सर्वांत हिरवी दिसत होती.

"एवढी गावं काही तुझं सासर नसणार," खासनीस शेवटी म्हणाले. "शुक्रवारी काही गोठत नाही. मी वर कळवतो. तू अहवाल लिहायला घे."

तेजलनं फोन खाली ठेवला. आपण बरोबर होतो, याचा आनंद तिला लपवता आला नाही आणि तिनं लपवलाही नाही. रखमानं तिच्या तोंडात गूळ कोंबला.

तेवढ्यात हिरव्या खणाचा बटवा वाजला. ठमाबाईंनी फोन काढला आणि सवयीनं आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"नमस्कार, मी डॉक्टर बर्गे, साताऱ्याहून," एका बाईचा आवाज आला. "ठमाबाईंच्या घरचं कुणी आहे का? एक विचारायचं होतं. त्यांची पट्टी काल दुसऱ्या कुणाला लावली होती का?"

"न्हाय बा. माज्याच छातीवर हाय."

"आजी, तुम्हीच का? मग आज पहाटे काय करत होतात? आणि त्यानंतर, उजाडता उजाडता? आत्ता जे काळीज मला दिसतंय, ते मी वर्षभरात एकदाही पाहिलेलं नाही. मधेच थांबतंय, मग धावतंय."

पट्टी बोलणार ती फोनशी, तेही फोन हाताच्या अंतरावर असेल तरच. आणि ठमाबाईंचा फोन वर्षभर या फांदीला होता. त्या इथं घोंगडीवर निवांत बसत तेवढंच साताऱ्याला कळे. घर, गोठा आणि झरा या वेळा रिकाम्या, आणि त्या रिकाम्या वेळा तिकडच्या यंत्रानं दुपारच्या निवांत ठोक्यांवरून अंदाजानं भरून टाकल्या होत्या. तेजलला हे आत्ता उमगलं. नकाशात नेमकी हीच चूक शोधत ती दोन दिवस उन्हात फिरली होती, आणि ती चूक शेजारच्याच माणसाच्या छातीवर होती.

"धार काढत व्हते," ठमाबाई हळू म्हणाल्या. "मंग पानी आनलं."

"तेव्हा छातीत काही होतं?"

ठमाबाईंनी तेजलकडं बघितलं. "आवळतं," त्या म्हणाल्या. "डोळ्यापुडं अंधारी येती. रोजच येती. घरात कळलं तर पुन्याला नेतील, म्हनून सिस्टरलाबी सांगितलं न्हाय. हितं येऊन बसलं की बरं वाटायचं. मंग तुमीबी बरंच म्हनायचा."

तेजल रडायला लागली. राग, भीती आणि माया एकदमच दाटून आली होती, आणि कशाला आवरावं तेच तिला कळेना. "आत्या, काही झालं असतं तर?" एवढंच तिला म्हणता आलं.

"घाबरू नका," डॉक्टरांचा आवाज शांत होता. "यावर खात्रीचा इलाज आहे. एक लहानसं यंत्र बसवावं लागेल, आठवड्याभरात चालायला लागतील. पण आजच निघा, आणि त्यांना चालत आणू नका. काल फोन जवळ ठेवला हे फार चांगलं केलंत."

बाबू आखाड्यांनी तोवर डोलीसाठी बांबू आणायला माणसं पिटाळली होती. मुलाणी सिस्टरांनी ठमाबाईंचं मनगट धरलं होतं. चार म्हशींचं काय करायचं, हे रखमा न विचारता आपल्या अंगावर घेत होती. ठमाबाईंनी सगळ्यांकडं एकवार बघितलं आणि तेजलचा हात ओढून स्वतःजवळ घेतला. मग फोन तोंडाशी नेला.

"डाक्टरीनबाई, येते मी," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या कागदावर आता मला हिरवी लिवू नका. लाल लिवा."